पंप सर्वांत शेवटी

‘पंप बसला’ हे दोन शब्द रस्त्याच्या कामावर, उसाच्या फडात किंवा नगरपालिकेच्या नालेसफाईच्या जागी एकदा उच्चारले गेले, की पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. मशीन बाजूला लागते, पंप खोलून जिल्ह्याच्या गावी दुरुस्तीला जातो, काम अडते, ऑपरेटर आणि मदतनीस बसून राहतात. आणि पुष्कळदा असे होते की दुरुस्त केलेला, किंवा कोरा करकरीत पंप बसवल्यावरही मशीन चढाला तसेच अडते. नाहीतर दोन-तीन महिने चालते आणि नवा पंपही त्याच वाटेने जातो. या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. तेलाच्या जोरावर चाके फिरवणारे मशीन ओढेनासे झाले, तर पंपाला हात सर्वांत शेवटी लावावा. हा काटकसरीचा सल्ला नाही. या यंत्रांची रचनाच अशी आहे, की दुसरीकडे झालेला बिघाड पंपाचे सोंग घेऊन समोर येतो.

आधी कोणत्या यंत्राविषयी बोलायचे ते ठरवू. आपल्याकडे माती उकरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पिवळ्या यंत्राला ‘जेसीबी’ म्हणतात, आणि निदानातली पहिली गफलत इथेच होते. नेहमीच्या बॅकहो लोडरचे बकेट आणि बूम तेलावर चालतात, पण त्याच्या चाकांना ताकद साधारणपणे टॉर्क कन्व्हर्टर आणि गिअरबॉक्समधून मिळते. स्किड स्टिअर लोडर, म्हणजे लोक ज्याला सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात ते छोटे यंत्र, मातीचा भराव दाबणारा व्हायब्रो रोलर आणि ऊसतोडणी यंत्र यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांत इंजिन आणि चाक यांच्यामधला दुवा तेलाचाच असतो. क्लच नाही, वेग बदलायला गिअर टाकावे लागत नाहीत. बॅकहोवर हात बसलेला मिस्त्री तेच ठोकताळे रोलरला लावतो, तेव्हा त्याचा अनुभव खोटा नसतो, तो दुसऱ्या यंत्राचा असतो.

रोलरमध्ये तेल टाकीतून निघते, काम करते आणि टाकीत परतते अशी समजूत असते. चालीच्या बाबतीत ती चुकीची आहे. पंपातून निघालेले तेल जाड होजमधून चाकाच्या मोटरकडे जाते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या होजने थेट पंपाच्या तोंडाशी येते. हे बंद वर्तुळ आहे. पंपातली तिरपी चकती, जिला स्वॉश प्लेट म्हणतात, एका अंगाला कलली की मशीन पुढे जाते, दुसऱ्या अंगाला कलली की मागे, आणि सरळ झाली की उभे राहते. चढावर या वर्तुळातला दाब ३५० बारपर्यंत चढू शकतो. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साडेतीनशे किलोहून अधिक भार. एवढा दाब असताना पिस्टन आणि त्याच्या भोकाची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पदर असतो, तो साधारण ५ ते २५ मायक्रॉनचा. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. अशा फटीतून थोडे तेल झिरपणारच, आणि ते झिरपायलाच हवे, कारण त्याच तेलाने भाग वंगण पावतात. हे झिरपलेले तेल पंपाच्या आणि मोटरच्या पोटात जमते आणि केस ड्रेनच्या नळीने टाकीकडे जाते.

झिरपून गेले तेवढे तेल वर्तुळात पुन्हा भरले नाही, तर वर्तुळ काही क्षणांत रिते पडेल. ते भरण्यासाठी मुख्य पंपाच्या मागच्या टोकाला एक छोटा पंप बसवलेला असतो: चार्ज पंप. चाल अडली तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही तो हाच, आणि माझ्या मते सगळ्या निदानाची किल्ली त्याच्याकडे आहे. हिशेब मांडून पाहू. मुख्य पंप एका फेऱ्यात ७५ घनसेंटीमीटर तेल ढकलतो आणि इंजिन मिनिटाला २२०० फेरे घेते असे धरले, तर वर्तुळात मिनिटाला १६५ लिटर तेल फिरते. चार्ज पंप साधारण त्याच्या पाचव्या हिश्शाचा असतो, म्हणजे ३३ लिटर, आणि दाब २० ते ३० बार. एवढ्याशा पुंजीवर त्याच्याकडे चार कामे असतात. झिरप भरून काढायची. स्वॉश प्लेट कलवणाऱ्या सर्व्हो पिस्टनला तेल द्यायचे. वर्तुळातले तापलेले तेल थोडे थोडे बाहेर काढून तिथे थंड तेल घालायचे. आणि पार्किंग ब्रेक सोडवून धरायचा. शेवटचे काम नीट समजून घ्यावे. हा ब्रेक तेलाने लागत नाही, तेलाने सुटतो. लावण्याचे काम स्प्रिंगचे. चार्ज प्रेशर ठरावीक पातळीच्या खाली गेले, की स्प्रिंग ब्रेकच्या चकत्या दाबू लागते आणि मशीन स्वतःच्याच ब्रेकशी झगडत चालते.

आता चार्ज प्रेशर २५ बारवरून ८ बारवर आले तर काय दिसेल ते पाहा. स्वॉश प्लेट पूर्ण कलत नाही, म्हणून वेग मिळत नाही. ब्रेक अर्धवट घासतो, म्हणून चढाला जोर येत नाही. वर्तुळ पुरते भरत नाही, म्हणून पंप खडखडतो, डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येतो. तेल तापते. पंप खराब झाल्याची चारही लक्षणे हजर, आणि पंप मात्र धड. नेमके हेच चित्र एखादा चोक झालेला फिल्टर किंवा पाचशे रुपयांचा होज उभे करू शकतो. म्हणून पहिला प्रश्न पंपाबद्दल नसावा, ‘चार्ज प्रेशर किती?’ हा असावा.

त्याही आधी गेज न लावता कळणारे बरेच असते. चढावर मशीन अडते तेव्हा इंजिनाकडे कान द्यावा. इंजिन दबत असेल, फेरे उतरत असतील, काळा धूर येत असेल, तर हायड्रॉलिक बाजू भार धरून आहे आणि कमजोरी इंजिनाकडे आहे. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर तिकडे बघावे. इंजिन मात्र आरामात तेच फेरे घेत राहिले आणि मशीन थांबले, तर ताकद तेलात कुठेतरी हरवते आहे. इंजिन बंद पडू नये म्हणून काही नव्या यंत्रांत पंप आपोआप मागे घेतला जातो. तिथे ही खूण तितकी खात्रीची नाही. चाके चिखलात गरगर फिरत असतील तर ताकद आहे, पकड नाही. त्यानंतर टो करण्याचा बायपास व्हॉल्व्ह पाहावा. मशीन ओढून नेण्यासाठी तो सैल करतात आणि परत घट्ट करायला विसरतात. मग पंप जोमाने ढकलत असतो आणि तेल मोटरकडे न जाता आखूड रस्त्याने परत येत असते. पाना लावून हे कळायला एक मिनिट पुरते. सीटवरचा सुरक्षा दांडा, ब्रेकच्या सोलेनॉइडची वायर, लिव्हरपासून पंपापर्यंतची केबल यांचेही तेच. सोलेनॉइडला वीज मिळते की नाही हे त्याच्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर नेला तरी समजते. चालू कॉइल लोखंड ओढते.

आता गेज. चार्ज प्रेशरच्या टेस्ट पोर्टला ६० बारचे गेज लावतात. ते चुकून मुख्य दाबाच्या पोर्टला लागले तर फुटेल, म्हणून पोर्ट मशीनच्या पुस्तकात बघूनच ओळखावा. तिथे ६०० बारचे गेज लागते. तेल कामाच्या तापमानाला आलेले असावे, थंड तेलावरचा आकडा फसवतो. न्यूट्रलमध्ये काटा २५ वर आहे असे समजा. आता मशीन मातीच्या भरावाला टेकवून लिव्हर पुढे ढकलायचा आणि काटा बघायचा, चार-पाच सेकंद, त्याहून जास्त नाही, कारण रिलीफ व्हॉल्व्हमधून जाणारे तेल झपाट्याने तापते. काटा दोन-तीन बार उतरून स्थिर राहिला, तर चार्जची बाजू ठीक. न्यूट्रलमध्येच तो १० वर असेल, तर बिघाड बहुधा मुख्य वर्तुळात नाही. तो टाकी, सक्शन होज, फिल्टर, चार्ज पंप किंवा चार्ज रिलीफ व्हॉल्व्ह यांच्यामध्ये शोधावा. आणि न्यूट्रलमध्ये २५ असलेला काटा भार येताच १० वर कोसळला, तर वर्तुळातून चार्ज पंपाच्या कुवतीपेक्षा जास्त तेल निसटते आहे. झिरप मोठी झाली आहे, पंपात किंवा मोटरमध्ये. एका काट्याने अर्धे मशीन संशयातून मोकळे केले, आणि अजून एकही बोल्ट उघडलेला नाही.

सक्शनच्या बाजूवर थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त फसवणूक तिथे होते. दाबाचा होज गळला तर तेल बाहेर दिसते. सक्शन होजमध्ये मशीन चालताना दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्याचा क्लॅम्प सैल पडला तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळे कोरडे. टाकीतल्या तेलावर फेस येतो, पंप ओरडतो, मशीन धक्के देत चालते. संशयित जोडावर ग्रीसचा जाड थर लावावा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जात होती. दुसरा प्रकार याहून छुपा. जुन्या होजचे आतले अस्तर सुटते आणि तेल ओढले जाताना पिशवीसारखे आत मिटते. इंजिन बंद केले की ते परत जागेवर, आणि वरून पाहणाऱ्याला होज धडधाकट दिसतो. हवेचे आणखी एक आहे: नेहमीच्या दाबाला खनिज तेलात सुमारे ९ टक्के हवा विरघळलेलीच असते. सक्शन अडले की दाब घसरतो आणि ती हवा बुडबुड्यांच्या रूपाने सुटते. पुढे उच्च दाबाखाली हे बुडबुडे चिरडले जातात आणि धातूच्या पृष्ठभागाचे कण उडवतात. होजची चूक अशी काही आठवड्यांत खरोखरच पंपाची चूक बनते. मग पंप उघडणाऱ्याला झिजलेला पंप दिसतो, त्याचे निदान खरे ठरल्यासारखे वाटते, आणि मूळ कारण तसेच राहते. नवा पंप काही महिन्यांत जातो तो असा.

मशीन पुढे ओढत नाही पण मागे नीट चालते, किंवा उलट, असे असेल तर पंपावरचा संशय आणखी कमी होतो. पुढे आणि मागे जाताना तेच पिस्टन, तोच ब्लॉक काम करतो. झीज दिशा पाहून होत नाही. दोन दिशांचे वेगळे असे मुख्यतः काय असते? त्या त्या बाजूचा रिलीफ आणि चेक व्हॉल्व्ह, आणि स्वॉश प्लेट कलवणारे नियंत्रण. पुष्कळ पंपांत हे दोन व्हॉल्व्ह हुबेहूब सारखे असतात. इंजिन बंद करून, दाब उतरवून, स्वच्छ हाताने त्यांची अदलाबदल करावी. दोष पुढून मागे गेला, तर दोषी व्हॉल्व्ह हातात आहे. स्किड स्टिअरमध्ये तुलनेची सोय याहून मोठी आहे. सिरिल आणि लुई केलर या भावांनी १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, टर्कीच्या खुराड्यांत वळू शकेल असा तीन चाकी लोडर बनवला आणि त्यातून १९६० पर्यंत चार चाकी स्किड स्टिअर आला. डाव्या-उजव्या चाकांना स्वतंत्र ताकद देऊन जागच्या जागी वळायचे, ही त्याची कल्पना. आज ती दोन पंप आणि दोन मोटरींनी साधली जाते. म्हणजे एक बाजू आजारी पडली तर निरोगी नमुना त्याच मशीनमध्ये शेजारी उभा असतो. दोन्हींचे आकडे ताडून पाहता येतात. तिथे मोटर फिरते आणि चाक फिरत नाही असे दिसले, तर मोटर ते चाक नेणारी चेन बघावी.

‘सकाळी चालते, दुपारी अडते’ ही तक्रार मात्र झिजेकडे बोट दाखवते, आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. ६८ ग्रेडच्या हायड्रॉलिक तेलाचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला ६८ असतो, तोच ८० अंशांना १५ च्या घरात येतो. अरुंद फटीतली झिरप दाटपणाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे तीच फट, तोच दाब, आणि झिरप साडेचार पट. फटीच्या रुंदीचा परिणाम तर त्याहून तीव्र: फट दुप्पट झाली की झिरप आठपट. १० मायक्रॉनची फट २० मायक्रॉनची झाली, डोळ्यांना काहीच दिसले नाही, पण चार्ज पंपाचे ३३ लिटर आता पुरत नाहीत. तरीही इथे लगेच पंप खोलू नये. तेल चुकीच्या ग्रेडचे, पातळ नाही ना? कूलरच्या जाळीत माती आणि पाचट भरून तेल ८० ऐवजी १०० अंशांवर तर जात नाही? ऊसतोडणी यंत्रात पाचटाने जाळी बुजणे नेहमीचे आहे. जाळी धुऊन चाल परत आली, तर झीज अजून सहन होण्याइतकी आहे.

या सगळ्यावर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्हींत काही तथ्य आहे. पहिला जुन्या मिस्त्रीचा: कान आणि हात सांगतात ते गेज सांगत नाही. कानाचे मोल मी वर मान्य केलेच आहे. पण हवा ओढणारा पंप आणि झिजलेला पंप यांचे आवाज शेजारी ठेवले तरी फरक कळणे अवघड. आणि एकट्याने ऐकताना तर शेजारी ठेवायला दुसरे काहीच नसते. कान शोधाची दिशा देतो, निवाड्याला आकडा लागतो. दुसरा आक्षेप मालकाचा: ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गाळपाचा हंगाम, मशीन एक दिवस बंद म्हणजे मोठे नुकसान, तपासत बसण्यापेक्षा पंप बदलून मोकळे व्हावे. हा युक्तिवाद तपासणीला दोन दिवस लागतात असे गृहीत धरतो. वर सांगितलेली तपासणी, गेज आणि अडॅप्टर हाताशी असतील, तर अर्ध्या दिवसात होते. पंप उतरवायलाच तेवढा वेळ जातो. तिसरा आक्षेप नव्या यंत्रांच्या बाजूने येतो: डॅशबोर्डवर कोड येतो, मग गेज कशाला? कोड सेन्सरला जे दिसते तेवढेच सांगतो. ‘चार्ज प्रेशर कमी’ असा कोड आला तरी ते न्यूट्रलमध्ये कमी की भाराखाली, आणि कमी का, हे शोधायचे राहतेच; शिवाय सेन्सर स्वतः बिघडला आहे का हे पाहायला गेजच लागते.

केस ड्रेनचे तेल बादलीत मोजून पंपाचा निकाल लावण्याची पद्धतही इथे तपासून घ्यावी. घड्याळ लावून मिनिटभरात किती लिटर पडले ते पाहतात. पद्धत चांगली, पण तापलेले तेल बदलणारा फ्लशिंग व्हॉल्व्ह ज्या मोटरमध्ये असतो, तिच्या केस ड्रेनमध्ये झिरपीबरोबर हे मुद्दाम सोडलेले तेलही येते. ते वजा न करता मोजले तर निरोगी मोटर झिजलेली ठरते. एका पंपावर पुढच्या ड्रमची आणि मागच्या ॲक्सलची अशा दोन मोटरी असलेल्या रोलरमध्ये तर हे आणखी महत्त्वाचे, कारण एक मोटर गळू लागली की दुसरीचीही ताकद जाते आणि दोष पंपावर येतो.

पंप खरोखर गेल्याचा पुरावा असतो, आणि तो मिळाला की घुटमळण्यात अर्थ नाही. फिल्टर कापून त्याचा कागद पांढऱ्या फडक्यावर उलगडावा. लोहचुंबकाला चिकटणारी चूर लोखंडी; न चिकटणारी पिवळसर चमक पितळी किंवा ब्राँझची, म्हणजे पिस्टनच्या पायथ्याची किंवा व्हॉल्व्ह प्लेटची झीज असण्याची दाट शक्यता. त्यात भाराखाली चार्ज प्रेशर कोसळत असेल, तर पंप किंवा मोटर उघडावीच. पण तेव्हाही केवळ पंप बदलून भागत नाही. बंद वर्तुळातले बहुतेक तेल फिल्टरमधून जातच नाही. फिल्टर असतो चार्जच्या वाटेवर. पंपातून निघालेली चूर होजमधून मोटरमध्ये जाते आणि दुसऱ्या होजने परत, म्हणजे नव्या पंपाच्या तोंडात. उघड्या डोळ्यांना ४० मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाहीत आणि फट २० मायक्रॉनची असते, म्हणून ‘तेल स्वच्छ दिसते’ या वाक्याला इथे किंमत नाही. होज धुणे किंवा बदलणे, कूलर आणि टाकी साफ करणे, मोटर तपासणे हे त्याच दुरुस्तीचा भाग आहे.

एक गोष्ट जिवाची. दाबाखालचा होज कुठे गळतो हे हात फिरवून कधीही पाहू नये, पुठ्ठा धरावा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडी भेदून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि तेल दाबाने आत गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

मशीनमालकांना माझी विनंती आहे. मशीन धड असताना, तेल गरम करून, न्यूट्रलमधले आणि भाराखालचे चार्ज प्रेशर एकदा मोजा आणि तारखेसह लॉगबुकाच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे कधी कुणी ‘पंप बसला’ म्हणाला, तर त्याला आजचे तेच दोन आकडे विचारा. ते सांगता येईपर्यंत पंपाचा बोल्ट सैल होऊ देऊ नका.